दुचाकीचे सैल नटबोल्ट : अडचणीच्या जागी पाना कसा पोहोचवावा

गोव्यातून दुचाकीने कोल्हापूरला जाणाऱ्यांच्या दोन वाटा नेहमीच्या. एक चोर्ला घाट चढून बेळगावला पोहोचते आणि तेथून महामार्गाने संकेश्वर, निपाणी करीत उत्तरेकडे जाते. दुसरी आंबोलीवरून आजरा, उत्तूर अशी निपाणीला येऊन त्याच महामार्गाला मिळते. निपाणी सोडल्यावर दोन्हींचा रस्ता एकच आणि त्यावरचे कर्नाटकातील अखेरचे मोठे गाव कोगनोळी. दूधगंगेचा पूल ओलांडला की कागल, म्हणजे महाराष्ट्र. करोनाकाळातील तपासणी नाक्यामुळे आणि डिसेंबर २०२२ मध्ये सीमाप्रश्न पेटला तेव्हाच्या पोलीस बंदोबस्तामुळे या गावाचे नाव गोव्यातील वृत्तपत्रवाचकालाही परिचयाचे झाले आहे.

दुचाकीस्वाराला मात्र कोगनोळीचा टोलनाका वेगळ्या कारणाने लक्षात राहतो. दुचाकीला टोल नसतो. कडेच्या चिंचोळ्या पट्टीतून ती पुढे काढायची असते आणि नाक्याजवळ वेग रोखण्यासाठी आखलेल्या जाड पट्ट्यांवरून जाताना गाडीचा प्रत्येक सैल भाग बोलू लागतो. मडगार्ड थडथडते, नंबरप्लेट किणकिणते, सायलेन्सरच्या बाजूने पत्र्याचा आवाज येतो. घाटातील खड्डे, महामार्गावर तासन् तास एकाच वेगाने चालणारे इंजिन आणि मागे बांधलेले सामान यांचा हिशेब येथे कानांवर पडतो. गावातल्या गाड्यांचे हाल तर याहून अधिक. उसाच्या फडाकडे जाणारी पाणंद, कॅरिअरला अडकवलेले दुधाचे कॅन, तंबाखूची ओझी, शिवाय कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळीला पोहोचण्याची घाई, हे सारे एकाच शंभर सीसीच्या गाडीवर पडते.

आवाज आला की आपण पाना घेतो आणि जे नट दिसतात ते आवळतो. आवाज बहुधा तसाच राहतो, कारण सैल झालेला नट दिसणाऱ्यांपैकी नसतोच. समोरचे नट दर सर्व्हिसिंगला हाताखालून जातात. सायलेन्सरमागचा, मडगार्डच्या पोटातला, इंजिनाच्या पाठीमागचा नट कंपनीतून निघाल्यापासून पान्याला भेटलेलाच नसतो. अडचणीच्या जागेचा नट दुर्लक्षित राहतो, म्हणूनच तो सैल होतो. तो घरी आवळता येतो. मात्र त्यासाठी हातातील जोरापेक्षा नट सैल का होतो याची समज आणि तेथवर पोहोचण्याची युक्ती अधिक उपयोगी पडते.

बोल्ट आट्यांच्या जोरावर दोन भाग धरून ठेवतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बोल्ट ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. नट फिरवला की बोल्ट किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीवर परत येण्याच्या त्याच्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. हा दाब पुरेसा असेल तोवर दोन भाग एकमेकांवर सरकत नाहीत आणि सरकले नाहीत तोवर नट फिरत नाही. दाब कमी पडला की भाग केसभर इकडे-तिकडे सरकू लागतात. त्या प्रत्येक सरकण्यात आट्यांतील घर्षणाची पकड क्षणभर सुटते आणि नट स्वतःहून उलटा फिरू लागतो. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर याने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. बोल्टच्या लांबीच्या दिशेने बसणाऱ्या धक्क्यांपेक्षा त्याला आडवे बसणारे हेलकावे नट फार लवकर सोडवतात, हा त्याचा निष्कर्ष. त्याच्या नावाने ओळखली जाणारी कंपनचाचणी आजही वापरात आहे.

दुचाकीवर असे आडवे हेलकावे किती बसत असतील? मिनिटाला पाच हजार फेऱ्यांनी चालणारे इंजिन तासाभरात तीन लाख फेऱ्या घेते. एकच सिलिंडर असलेल्या इंजिनात वरखाली धावणाऱ्या पिस्टनचा तोल क्रँकच्या वजनाने पूर्ण साधत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत चौकटीला एक हिसका बसतो. जुन्या बुलेटची ख्याती अशाच हिसक्यांची. २०२० साली मीटिऑरसोबत आलेल्या रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० सीसी इंजिनात तोल सांभाळणारा स्वतंत्र दांडा बसवला आहे, त्याचे कारणही हेच. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्यांना अशी सोय नाही. बेळगाव ते कोगनोळी हे अंतर साधारण दीड तासाचे. तेवढ्यात चार-साडेचार लाख हिसके बसून गेलेले असतात.

आता शोध. गाडी मधल्या स्टँडवर, सपाट आणि टणक जमिनीवर उभी करावी. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. आधी धुवावी, कारण चिखलाच्या थराखाली काहीच कळत नाही. मात्र धुण्यापूर्वी एकदा टॉर्च घेऊन निरखावी, कारण काही खुणा पाण्याने जातात. सैल नटाच्या वॉशरभोवती लालसर तांबूस भुकटी किंवा ओघळ दिसतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून सुटलेल्या लोखंडाचा तो गंज असतो. कधी वॉशरच्या कडेने चकचकीत कडे उमटलेले असते, कधी रंगाला त्या जागी भेग गेलेली असते. गोव्यातील किनाऱ्यालगतच्या गाड्यांवर गंज सर्वत्रच असतो, म्हणून येथे निव्वळ गंजावर विसंबू नये. बोल्ट आणि भाग यांच्या सांध्यावर बोटाचे टोक ठेवावे आणि दुसऱ्या कोणाला तो भाग हलवायला सांगावे. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. जेथे बोटही जात नाही तेथे मोबाइलचा दिवा लावून चित्रीकरण सुरू करावे आणि तो फटीत सरकवावा. मग पडद्यावर सावकाश पाहता येते. इंजिनाच्या मागच्या बाजूसाठी याहून स्वस्त आणि चांगले साधन नाही.

जागा सापडल्यावर घाई होते ती पाना घुसवण्याची. बहुतेक ठिकाणी त्याआधी वाट मोकळी करणे शहाणपणाचे ठरते. बाजूचे प्लास्टिकचे झाकण, सीट आणि गरज पडल्यास पेट्रोलची टाकी ही तीन अंगे बाजूला झाली की ‘पोहोचतच नाही’ म्हणून सोडलेल्या नटांपैकी निम्म्यांवर साधा पाना बसतो. टाकी काढायची झाल्यास कॉक बंद करून नळी सोडवावी. इंजेक्शनच्या गाडीत टाकीत पंप असतो आणि नळीत दाबाखाली पेट्रोल असते, म्हणून तेथे माहितगाराशिवाय हात घालू नये. काढलेला प्रत्येक स्क्रू कोठून निघाला हे कळावे म्हणून तो पुठ्ठ्यावर गाडीचे ढोबळ चित्र काढून त्या त्या जागी खोचून ठेवावा. लांब आणि आखूड स्क्रूंची अदलाबदल झाली की आखूड पकडत नाही आणि लांब पलीकडे कशाला तरी टोचतो.

हत्यारांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण अडचणीच्या जागी चुकीचे हत्यार नटाचे कोपरे खाते आणि मग साधे काम लेथवाल्याकडे जाते. गाडीसोबत मिळणारा फिक्स पाना षटकोनी नटाला दोनच बाजूंनी धरतो. रिंग पाना सर्व बाजूंनी धरतो. सॉकेट, म्हणजे गॅरेजच्या बोलीतील गोटी, घेताना आतून सहा कोनांची घ्यावी. गंजलेल्या नटावर ती बारा कोनांच्या गोटीपेक्षा चांगली बसते. जपानी घराण्याच्या आपल्याकडील गाड्यांना बहुतेक जागी दहा, बारा आणि चौदा नंबर लागतात. जुन्या बुलेटवर मात्र इंची मापाचे नट भेटतात. त्यांवर जवळपासच्या मिलिमीटर मापाचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर देताच घसरतो.

फिक्स पान्याचे तोंड दांड्याशी सरळ नसते, सुमारे पंधरा अंशांनी तिरके असते. पाना फिरवायला साठ अंशांची जागा नसेल तर तीस अंश फिरवून तो काढावा, उलटा करून पुन्हा लावावा. तोंड तिरके असल्याने तो नटाच्या पुढच्या बाजूंवर बसतो आणि आणखी तीस अंश मिळतात. ही युक्ती जुन्या मेस्त्रींच्या हातात आपोआप असते, ती कोणी शब्दांत सांगत नाही. बारा कोनांच्या रिंग पान्याला दर वेळी तीस अंश पुरतात. बहात्तर दात्यांच्या रॅचेटला तर पाच अंशही पुरे होतात. घरासाठी एकच महागडे हत्यार घ्यायचे असेल तर बारीक दात्यांचे, पाव इंची चौकोनाचे छोटे रॅचेट आणि त्याला जोडायचे दोन लांब दांडे घ्यावेत. मोठ्या अर्धा इंची रॅचेटचे डोके अशा जागी शिरतच नाही. वाकणारा सांधा, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट, उपयोगी आहे, पण तो फार वाकवून जोर दिला की गोटी तिरकी होते आणि नटाचा कोपरा घेते. पंधरा-वीस अंशांच्या पुढे तो वाकवू नये.

दुसरी अडचण नट हातातून निसटून अदृश्य होण्याची. गोटीत नट ठेवण्यापूर्वी कागदाचा छोटा तुकडा तोंडावर धरावा आणि नट त्यावर दाबून आत बसवावा. कागदामुळे नट अडकून राहतो आणि गोटी उलटी केली तरी पडत नाही. रिंग पान्याच्या एका बाजूला चिकटपट्टी लावली तर नट तिच्यावर टेकून राहतो. वॉशर ग्रीसच्या ठिपक्याने नटाला चिकटवता येतो. कार्ब्युरेटर काढून काम चालले असेल तर इंजिनाच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबावे. तेथे पडलेला वॉशर इंजिन उघडल्याशिवाय निघत नाही.

आता ज्या तीन जागांकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते त्या घेऊ. पहिली जागा जिवाशी खेळणारी आहे. मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांत ब्रेकची झाकणासारखी ताटली चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला एका पट्टीने मागच्या चिमट्याशी, म्हणजे स्विंगआर्मशी, बांधलेले असते. हिला टॉर्क रॉड म्हणतात. ब्रेक दाबला की चाकाचा सगळा ओढा या पट्टीवर आणि तिच्या दोन बोल्टांवर येतो. यांपैकी एखादा नट पडला आणि बोल्ट निसटला, तर पुढच्या ब्रेकला ताटली चाकाबरोबर फिरू लागते, ब्रेकची सळई पिरगळते आणि चाक जागीच अडकू शकते. संकेश्वरहून निपाणीकडे येताना तवंदी घाट उतरावा लागतो. भरल्या गाडीवर असे तेथे घडले तर मागून येणाऱ्या ट्रकला थांबायला वेळ मिळणार नाही.

हा नट सैल राहतो तो बहुधा साखळी ताणताना. साखळी ताणण्यासाठी मागचे चाक सरकवायचे असते आणि त्यासाठी अनेक गाड्यांत टॉर्क रॉडचा नट आधी सैल करावा लागतो. काम झाल्यावर मोठा ॲक्सल नट सर्वांच्या लक्षात राहतो. हा छोटा नट सायलेन्सर आणि चाक यांच्या सापटीत असल्याने हाताने बसवून सोडला जातो. त्याच्या बोल्टच्या टोकाला बहुधा आडवे भोक असते आणि त्यात दुमडलेली पिन घालायची असते. पिन तुटली की तार, तारेनंतर काहीच नाही, असा तिचा प्रवास मी कितीतरी गाड्यांवर पाहिला आहे. या पिनेची किंमत चहापेक्षाही कमी असते. प्रत्येक वेळी नवीन घालावी, टोके विरुद्ध बाजूंना वळवावीत. पोहोचण्यासाठी सायलेन्सरच्या वरून रिंग पाना आणि पलीकडून बोल्टचे डोके धरायला दुसरा पाना, असे दोन्ही हात एका वेळी लागतात. एकट्याने करताना पलीकडचा पाना चिमट्याच्या नळीला टेकवून ठेवावा, म्हणजे तो फिरत नाही.

दुसरी जागा सायलेन्सर जेथे इंजिनाला मिळतो तेथली. तेथे बहुधा दोन खुंट्या आणि त्यांवर दोन नट असतात. पुढचे चाक आणि लेगगार्ड यांमधून तिथवर जायचे तर लांब दांड्याची गोटी हवी. या नटांना रोज तापणे आणि निवणे सोसावे लागते, त्यामुळे ते एकतर सैल होतात किंवा गंजून एकजीव होतात. गंजले असतील तर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे आणि सकाळी नट सोडण्यापूर्वी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा. गंजाचा थर तुटतो आणि मग तो उलटा सुटतो. जोर करून खुंटी मोडली तर तिचे उरलेले टोक अ‍ॅल्युमिनियमच्या डोक्यात अडकते. दोन्ही नट आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. एकच आधी पूर्ण आवळला तर नळी तिरकी बसते आणि सांध्यातून धूर गळत राहतो. नळी तिरकी असताना मागचा, चौकटीला धरणारा बोल्ट आवळला तर त्याचा ताण पुन्हा याच खुंट्यांवर येतो. म्हणून मागचा बोल्ट आधी नुसता अडकवून ठेवावा, पुढचे दोन पूर्ण करावेत आणि मग मागचा आवळावा.

तिसरी जागा इंजिन चौकटीला धरणाऱ्या बोल्टांची. यांतला वरचा किंवा मागचा एखादा बोल्ट कार्ब्युरेटर आणि बॅटरीच्या खोक्याआड दडलेला असतो. तो सैल झाला की गाडी ठरावीक वेगाला पायदानात आणि हँडलमध्ये मुंग्या आणते. लोक इंजिन ‘उतरले’ असे समजतात आणि मोठ्या खर्चाच्या तयारीला लागतात. बोल्टचे डोके एका बाजूला आणि नट दुसऱ्या बाजूला असल्याने एकच बाजू फिरवली तर दोन्ही एकत्र फिरतात आणि काहीच आवळत नाही. दोन पाने लागतात, हे येथेही खरे. फिरवायचा तो नट, बोल्ट धरून ठेवायचा. बोल्टच फिरवला तर त्याच्या लांब खोडाचे घर्षण तुमचा जोर खाते. या बोल्टांभोवती रबर असेल तर ते चिरलेले आहे का ते पाहावे. चिरलेल्या रबरावर कितीही आवळले तरी उपयोग नाही.

मडगार्डच्या आतले बोल्ट, पुढच्या छोट्या चक्राला, म्हणजे स्प्रॉकेटला, धरणारे झाकणाखालचे दोन बोल्ट आणि साइड स्टँडचा खिळा ही आणखी तीन ठिकाणे त्याच बैठकीत बघून घ्यावीत. त्यांत विशेष अवघड काही नाही. मागचे चाक काढलेले असेल त्या दिवशी मडगार्डच्या आतले बोल्ट आवळून टाकणे एवढेच.

किती आवळावे, हा खरा प्रश्न आहे. ‘हाताला कळते’ हे उत्तर तीस वर्षांच्या मेस्त्रीला शोभते. आपण पान्यावर दिलेल्या जोरापैकी साधारण दहा टक्केच बोल्ट ताणण्यात जातो, उरलेला नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो. त्यामुळे गंजलेल्या आट्यांवर खूप जोर लावूनही बोल्ट सैलच राहतो आणि तेल लावलेल्या आट्यांवर तोच जोर बोल्ट तोडतो. आटे तारेच्या ब्रशने आणि पेट्रोलच्या फडक्याने स्वच्छ, कोरडे करून मगच मापाने आवळावे. मापे गाडीच्या पुस्तिकेत असतात. सर्वसाधारण बोल्टांसाठी जपानी धाटणीच्या गाड्यांत ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर, ८ मिलिमीटरला २२ आणि १० मिलिमीटरला ३४ अशी मापे आढळतात. विशिष्ट जागेसाठी पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

टॉर्क रेंच नसेल तर विमानप्रवासाच्या बॅगा तोलायचा आकडेवाला काटा घ्यावा. नटाच्या मध्यापासून पान्यावर जेथे काटा अडकवणार ते अंतर मोजावे आणि पान्याशी काटकोनात ओढावे. १० सेंटिमीटरवर १० किलो ओढ म्हणजे सुमारे १० न्यूटन-मीटर. १५ सेंटिमीटरवर १५ किलो म्हणजे २२. वीस सेंटिमीटरवर साडेसतरा किलोला थोडे कमी म्हणजे ३४. पद्धत ओबडधोबड आहे, पण अंदाजापेक्षा कितीतरी विश्वासार्ह. मोठा पाना घेऊन दहा नंबरचा बोल्ट मोडणाऱ्यांना हा काटा एकदा वापरून पाहिल्यावर आपण नेहमी दुप्पट आवळत होतो हे कळते.

टॉर्क रेंच आहे पण गोटी बसत नाही, अशा ठिकाणी त्याच्या टोकाला चपटे, कावळ्याच्या पायासारखे तोंड जोडतात. हे जोडतोंड रेंचच्या रेषेतच पुढे काढले तर दांडा लांबल्यासारखे होते आणि दाखवलेल्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त आवळले जाते. रेंचची लांबी ३० सेंटिमीटर आणि जोडतोंड ४ सेंटिमीटर असेल, तर ३४ न्यूटन-मीटर हवे असताना रेंच ३० वर लावावा. जोडतोंड रेंचशी काटकोनात बसवले तर आकडा बदलावा लागत नाही. गोटी आणि रेंच यांमध्ये घातलेल्या सरळ, उभ्या दांड्यानेही माप बदलत नाही.

आवळलेला नट पुन्हा सुटू नये म्हणून आपल्याकडे सर्रास स्प्रिंग वॉशर घालतात. तो घालून निश्चिंत होणे हा भ्रम आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ने १९९० साली काढलेल्या नटबोल्टविषयक पुस्तिकेत हे स्पष्ट सांगितले आहे की बोल्ट नीट आवळला की हा वॉशर पूर्ण सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. खरी पकड पुरेशा ताणातून येते. त्याला जोड द्यायची तर थंड जागी आतून नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा. तो एकदा काढला की नवीन घालणे बरे. सायलेन्सरजवळ नायलॉन वितळतो, तेथे पूर्ण धातूचा लॉक नट हवा. ६ किंवा ८ मिलिमीटरच्या बोल्टांना निळ्या रंगाचा आटे धरणारा द्रव एक थेंब पुरतो. तो पुढे साध्या पान्याने सुटतो. लाल रंगाचा द्रव सुटण्यासाठी बोल्ट चांगलाच तापवावा लागतो आणि पेट्रोलच्या टाकीशेजारी तापवण्याची वेळ कोणावर येऊ नये. द्रव लावण्यापूर्वी आट्यांवरील तेल पूर्ण निघाले पाहिजे, नाहीतर तो धरतच नाही.

काही जागा घरी सोडवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. हँडलच्या मानेतील बेअरिंगचा नट, पुढच्या डिस्क ब्रेकचा कॅलिपर, पुढचा ॲक्सल आणि इंजिनाच्या डोक्याचे बोल्ट या त्या जागा. तेथे चूक झाली तर ती रस्त्यावर, वेगात असताना कळते. यांतले काही सैल वाटले तर गाडी हळू चालवून गॅरेजला न्यावी. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले असतील, म्हणजे बोल्ट फिरतो पण घट्ट होत नाही, तर त्यावर जाड बोल्ट ठोकून बसवण्याचा उपाय करू नये. लेथवर भोक मोठे करून त्यात पोलादी तारेचे नवे आटे बसवून मिळतात. ते मूळ आट्यांपेक्षा टिकाऊ असतात. या बाबतीत कोगनोळीकर भाग्यवान म्हणायला हवेत. उत्तरेला कोल्हापूरचे उद्यमनगर आणि दक्षिणेला बेळगावचे उद्यमबाग, ओतकाम आणि लेथकामाची दोन नामांकित केंद्रे एकाच रस्त्यावर आहेत. गोव्यात हेच काम करणारा कारागीर गाठायला थोडी विचारपूस करावी लागते.

काम संपल्यावर आवळलेल्या प्रत्येक नटावर आणि त्याखालच्या भागावर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढावी. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून पाहण्याची गरज उरत नाही. शंभर किलोमीटरनंतर या रेघा एकदा पाहाव्यात. सायलेन्सरचे नट दोन-तीनदा तापून निवल्यावर पुन्हा मापावर आणावेत, कारण नवीन गॅस्केट दाबले जाते आणि ताण उतरतो. गोव्याहून निघालेल्याला ही पाहणी करायला कोगनोळीचा नाका ओलांडल्यावर कागलकडे जाताना मिळणारी पहिली सावली चालेल. टॉर्क रॉडची पिन, सायलेन्सरचे दोन नट आणि मागच्या कॅरिअरचे बोल्ट, एवढे पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. कागल ते सातारा या पट्ट्यात महामार्गाच्या सहापदरीकरणामुळे वळणरस्ते आणि उखडलेले तुकडे लागतात. त्याआधी सामानाच्या दोऱ्याही एकदा ओढून पाहाव्यात. खिशात दहा-बाराचा पाना, एक जादा पिन आणि तारेचा तुकडा असला म्हणजे झाले.